पाहुणी झडप आणि परकी शर्करा

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट आहे. आठवीत शिकणारी एक मुलगी घसा दुखतो म्हणून दोन दिवस घरी राहिली. घसा बरा झाला; पण तीनएक आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग मनगट. घरच्यांनी वातावरचे तेल चोळले. सांधे खरोखरच बरे झाले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु दहावीला गेल्यावर शाळेचा जिना चढताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहू लागली, तेव्हा कळून आले की, सांध्यांतून निघून गेलेल्या त्या दुखण्याने जाताना हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवली होती.

पुढे ती मला भेटली तेव्हा चोवीस वर्षांची होती. लग्न झाले होते. ती म्हणाली, "सर, झडप बदलायची आहे. डॉक्टर विचारतात, धातूची बसवू की जनावराची? धातूची पुष्कळ टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याचे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि त्या औषधावर असताना मूल होऊ देणे धोक्याचे. जनावराची घेतली तर ते औषध जन्मभर नको. पण माझ्या वयाला ती लवकर कडक होईल आणि छाती पुन्हा उघडावी लागेल. ती कडक का होते, सर?" तिच्या आजीचा प्रश्न निराळाच होता. कोणत्या जनावराची, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे होते.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ते देताना सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल, कारण या उत्तराचा अर्धा भाग शल्यगृहात सापडला, तर उरलेला अर्धा घोड्यांच्या तबेल्यात.

आपल्या हृदयाला चार झडपा असतात. रक्ताने एकाच दिशेने जावे, मागे परतू नये, एवढेच त्यांचे काम. परंतु ते काम दिवसातून सुमारे एक लक्ष वेळा, आणि तेही जन्मापासून मरणापर्यंत अखंड करावयाचे असते. झडपेची पाकळी एक मिलिमीटरही जाड नसते. ती आक्रसली तर दार नीट उघडत नाही, फाटली वा ताठरली तर नीट मिटत नाही, आणि दोन्ही प्रकारांत भार पडतो तो हृदयाच्या स्नायूवर.

बिघडलेल्या झडपेच्या जागी दुसरी बसवावी, ही कल्पना सुचणे सोपे होते. अंमलात आणणे मात्र महाकठीण. १९५२ साली वॉशिंग्टन येथील चार्ल्स हफनागेल या शल्यविशारदाने प्लॅस्टिकच्या नळीत प्लॅस्टिकचा चेंडू घालून केलेली झडप एका रुग्णाच्या शरीरात बसविली. हृदय थांबवून उघडण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून ती हृदयात न बसविता छातीतून खाली उतरणाऱ्या महारोहिणीत बसवावी लागली. तिचा टकटक आवाज शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येई. पुढच्याच वर्षी जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम तात्पुरते करणारे यंत्र वापरून शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि प्रत्यक्ष हृदयाच्या आत हात घालण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५८ साली लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त अभियंते पोर्टलंड येथील तरुण शल्यविशारद आल्बर्ट स्टार यांच्याकडे आले. त्यांना सबंध कृत्रिम हृदयच करावयाचे होते. स्टार यांनी त्यांना आधी एक झडप करून पाहू असे सुचविले. १९६० साली त्या दोघांची पिंजऱ्यातील चेंडूची झडप माणसाच्या हृदयात बसली आणि काम करू लागली.

धातूच्या झडपेचे एक वैगुण्य मात्र प्रारंभापासूनच स्पष्ट होते. परक्या पृष्ठभागावर रक्त गोठते. तो गोठा झडपेत अडकला तर झडप बंद पडते, आणि सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घेणे आले. आपल्या देशात थिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अनेक अपयशे पचवून भारतीय बनावटीची झडप सिद्ध केली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविली. परदेशी झडपेची किंमत ज्यांना झेपत नव्हती अशा कितीतरी घरांना तिचा आधार झाला. पण औषधाचे बंधन तिलाही चुकले नाही. हे औषध कमी पडले तर गोठा, अधिक झाले तर रक्तस्राव. त्यासाठी वारंवार रक्त तपासून घेणे आले. खेड्यापाड्यांतील रुग्णाला हे जमणे किती अवघड, ते सांगावयास नको. गर्भारपणात तर त्याच्यापासून गर्भालाही अपाय होऊ शकतो.

तेव्हा निसर्गाचीच झडप का घेऊ नये? १९६२ साली लंडनमध्ये डोनाल्ड रॉस यांनी आणि थोड्याच दिवसांनी न्यूझीलंडमध्ये ब्रायन बॅरेट-बॉइज यांनी मृत माणसाच्या झडपा जिवंत माणसाला बसवून दाखविल्या. परंतु अशा झडपा हव्या तेव्हा, हव्या त्या मापाच्या कोठून मिळणार? फ्रान्समध्ये तर त्या काळच्या कायद्यामुळे मृतदेहातील झडपा वेळेत मिळणेच कठीण होते. १९६५ साली पॅरिसमध्ये झाँ-पॉल बिने आणि त्यांचे तरुण सहकारी आलाँ कार्पांतिये यांनी डुकराची झडप माणसाला बसविली. डुकराचे हृदय आकाराने माणसाच्या हृदयाशी जवळचे असते. सुरुवातीला यश आले, पण ते टिकले नाही. शरीराने पाहुणीला ओळखले, तिच्याभोवती दाह उत्पन्न झाला, आणि पाकळ्या झिजून गेल्या.

येथे कार्पांतिये यांनी रसायनशास्त्राची कास धरली. ग्लुटाराल्डिहाइड नावाचे एक रसायन आहे. आपल्याकडे चर्मकार कातडे कमावतात तेव्हा ते कुजू नये, लवचिक राहावे आणि टिकावे म्हणून त्यातील प्रथिनांचे धागे एकमेकांशी बांधून टाकले जातात. हे रसायनही तेच करते आणि चामड्याच्या धंद्यात वापरलेही जाते. १९६८ पासून कार्पांतिये यांनी या रसायनात कमावलेल्या झडपा बसविण्यास आरंभ केला. कमावलेली झडप जिवंत नसते. पण ती कुजत नाही, आणि तिच्यावरील परकेपणाच्या खुणा बांधल्या गेल्यामुळे शरीर तिला ओळखत नाही, असे मानले गेले. पुढे गाईगुरांच्या हृदयावरील पातळ आवरणापासूनही झडपा शिवल्या जाऊ लागल्या. स्टार आणि कार्पांतिये या दोघांना या कार्याबद्दल २००७ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

परंतु ज्या झडपा म्हाताऱ्या माणसांत दहा-पंधरा वर्षे उत्तम चालत, त्याच मुलांमध्ये व तरुणांमध्ये फार लवकर बिघडू लागल्या. काढलेली झडप हातात घेतली तर पाकळ्यांवर खडे जमलेले असत. पाण्याच्या बंबाला आतून जशी क्षाराची खपली धरते, तशी कॅल्शियमची खपली धरून मऊ पाकळी दगडासारखी झालेली असे. याची कारणे शोधली गेली. खुद्द ग्लुटाराल्डिहाइडच कॅल्शियमला बोलावते, मेलेल्या पेशींतील स्निग्ध द्रव्ये त्याला बसावयास जागा देतात, आणि तरुणांच्या शरीरात कॅल्शियमची उलाढालही जोराची असते. ही कारणे खरी आहेत, आणि त्यांवर झडपा करणाऱ्यांनी उपायही योजले. परंतु सगळा हिशेब त्यांनी जुळेना. तरुण शरीरात आणखी एक गोष्ट जोमदार असते, ती म्हणजे परक्याला ओळखण्याची शक्ती. झडप कमावून झाल्यावर ओळखण्यासारखे काही उरतच नाही, ही समजूत कितपत खरी होती?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आता तबेल्याकडे वळू.

१८९० नंतरच्या काळात घटसर्पावर पहिला प्रभावी उपाय सापडला. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचावयाचे, त्याच्या रक्तात तयार झालेला उतारा काढून घ्यावयाचा आणि तो आजारी मुलाला द्यावयाचा. हजारो मुले वाचली. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांपासून सर्पदंशावरील लस केली तीही याच तत्त्वावर. पण काही मुलांना घोड्याचा हा रक्तरस टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे दुखत. १९०५ साली व्हिएन्नातील क्लेमेन्स फोन पिर्के आणि बेला शिक या बालरोगतज्ज्ञांनी या विकाराचे वर्णन करून निष्कर्ष काढला की, हा रोग विषामुळे होत नसून घोड्याच्या रक्तरसाला माणसाच्या शरीराने दिलेल्या प्रत्युत्तरामुळे होतो. रक्षण करणारी शक्तीच येथे दुखणे निर्माण करीत होती.

या रुग्णांच्या रक्तात काय तयार होते? १९२४ साली हांगानुत्झिऊ आणि १९२६ साली डायशर या संशोधकांना, घोड्याचा रक्तरस टोचलेल्या माणसांत इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशींची गुठळी करणारी प्रतिद्रव्ये आढळली. त्यांचे लक्ष्य कोणते, हे समजण्यास अर्धशतक लागले. १९७० नंतरच्या दशकात ते सापडले, आणि ते प्रथिन नव्हते. ती एक शर्करा होती.

श्रोतेहो, शर्करा म्हटली की आपल्याला चहातील साखर आठवते. परंतु आपल्या प्रत्येक पेशीच्या बाह्यांगावर शर्करांच्या लहान लहान साखळ्यांचे दाट रान उभे असते. आपला रक्तगट म्हणजे दुसरे काय? पिर्के यांच्याच व्हिएन्ना शहरात कार्ल लांडश्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट शोधून काढले. पुढे कळले की, ए गट आणि बी गट यांतील भेद साखळीच्या टोकावरील एका शर्करेचा आहे. तेवढ्या भेदापायी चुकीच्या गटाचे रक्त प्राण घेऊ शकते.

घोड्याच्या रक्तरसातील त्या शर्करेचे नाव एन-ग्लायकोलिल-न्यूरॅमिनिक आम्ल. आपण तिला सोयीसाठी ग्लायकोलिल शर्करा म्हणू. घोडा, गाय, डुक्कर, मेंढी यांच्या शरीरात ती असते. माणसाच्या अंगी तिची एक बहीण असते, आणि दोघींत अंतर अवघ्या एका ऑक्सिजन अणूचे. तो एक अणू जोडणारे जनुक माणसाच्या पूर्वजांत वीस-तीस लक्ष वर्षांपूर्वी निकामी झाले, हे १९९८ साली स्पष्ट झाले. तेव्हापासून ही शर्करा आपल्याला परकी आहे. मात्र गाईगुरांचे वा डुकराचे मांस खाणाऱ्यांच्या शरीरात ती अल्प प्रमाणात अन्नातून शिरते आणि पेशींत जाऊन बसते, असेही पुढे दिसून आले.

दुसरी परकी शर्करा याहून जुनी आहे. दुधातील साखरेचा एक घटक गॅलॅक्टोज. दोन गॅलॅक्टोज एका विशिष्ट पद्धतीने जोडले की जी जोडी होते, तिला अल्फा-गॅल म्हणतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती आहे, अमेरिका खंडातील माकडांतही आहे. पण आशिया-आफ्रिकेतील माकडे, वानर आणि माणूस यांच्यात नाही. दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ती गमावली. १९८४ साली उरी गालिली यांनी दाखविले की, प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात या अल्फा-गॅलविरुद्ध प्रतिद्रव्ये सज्ज असतात, आणि त्यांचे प्रमाण रक्तातील त्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांच्या सुमारे १ टक्का इतके मोठे असते. आपल्या आतड्यातील जंतूंच्या अंगावर अशाच शर्करा असतात. त्यांच्याशी रोज गाठ पडत असल्यामुळे हे सैन्य सदैव जागे राहते. डुकराचे ताजे इंद्रिय माणसाला जोडल्यास ते काही मिनिटांत वा तासांत काळे पडते, त्याचे मुख्य कारण हेच.

आता दोन्ही वाटा एकत्र येतात. ग्लुटाराल्डिहाइड प्रथिने बांधते, कारण प्रथिनांना त्याने धरावा असा अमिनो गट असतो. या शर्करांना तसा हात नाही. म्हणजे कमावणाऱ्याने प्रथिनांचे धागे बांधले, पण त्यांवरील शर्करा मोकळ्याच राहिल्या. पाहुणीचा वेष बदलला, मात्र बोलण्याची ढब तशीच राहिली, आणि पहारेकऱ्याने तिला त्या ढबीवरून ओळखले!

ही गोष्ट नुसत्या तर्काची राहिली नाही. बाजारातील झडपांत अल्फा-गॅल शिल्लक असते आणि झडप बसविल्यावर रुग्णाच्या रक्तातील तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये वाढतात, हे व्हिएन्नातील संशोधकांनी २००५ साली दाखविले. पुन्हा व्हिएन्नाच! २०१६ साली अशा झडपांत ग्लायकोलिल शर्कराही आढळली. मग २०२२ साली अनेक देशांतील संशोधकांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,६६८ रुग्णांचा पाठपुरावा करून रक्ताचे ४,९९८ नमुने तपासण्यात आले. झडप बसविल्यानंतर एका महिन्यात दोन्ही शर्करांविरुद्धची प्रतिद्रव्ये स्पष्टपणे वाढलेली दिसली. पुढे ती ओसरली. परंतु अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिद्रव्ये अशी झडप नसलेल्या तुलनेच्या रुग्णांत जितक्या झपाट्याने ओसरली, तितक्या झपाट्याने झडप बसविलेल्यांत ओसरली नाहीत. कॅल्शियम धरून कडक झालेल्या, शरीरातून काढलेल्या झडपा तपासल्या, तेव्हा त्यांत ग्लायकोलिल शर्करा, तिला चिकटलेली प्रतिद्रव्ये आणि त्यांच्या मागोमाग येणारी रक्तातील मारक प्रथिने ही तिन्ही एकत्र सापडली. माणसाच्या स्वतःच्या कडक झालेल्या झडपांत त्यांचे प्रमाण पुष्कळच कमी होते. उंदरांवरील प्रयोगात तर दोन्ही शर्करा नसलेल्या ऊतकावर ही प्रतिद्रव्ये कॅल्शियम वाढवू शकली नाहीत.

यावरून भलताच निष्कर्ष काढू नये. शर्करा हे झडप कडक होण्याचे एकमेव कारण नव्हे. रसायन, ताण आणि वय यांचा वाटा कायम आहे. पण हे कारण दूर करता येण्याजोगे आहे, म्हणून त्याला महत्त्व. अल्फा-गॅल नसलेली डुकरे जन्माला घालण्यात २००२-०३ च्या सुमारास यश आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन शासनाच्या अन्न व औषध खात्याने अशा डुकरांना अन्न आणि औषधोपचार या दोन्ही उपयोगांसाठी मान्यता दिली. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलंड येथे ज्या डुकराचे हृदय एका रुग्णाला बसविण्यात आले, त्याची अशी तीन शर्करांची जनुके बंद केलेली होती. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला. अशा प्राण्यांच्या ऊतकापासून केलेल्या झडपा तरुणांमध्ये वीस-पंचवीस वर्षे टिकतात किंवा कसे, हे सांगण्यास तितकीच वर्षे जावी लागतील. त्यात घाई चालत नाही.

या इतिहासात एक गोष्ट मनाला लागते. घोड्याच्या रक्तरसाने मुले आजारी पडतात हे १९०५ साली लिहिले गेले होते; डुकराची झडप कमावून बसविली गेली १९६८ साली; आणि दोहोंत अशाच परक्या शर्करांचाही वाटा आहे, हे ध्यानात यावयास एकविसावे शतक उजाडले. बालरोगतज्ज्ञ, रक्ताचे अभ्यासक आणि शल्यविशारद आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम करीत होते. परंतु एकाच्या वहीतील उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला हवे आहे, हे सांगणारा मध्ये कोणी नव्हता. शाळेत विषयांच्या भिंती उभारून आम्ही शिक्षकही हेच करीत असतो, असे वाटून मला थोडी लाज वाटली.

आता शेवटची गोष्ट. त्या मुलीची मूळ झडप कशाने बिघडली? घसा धरणाऱ्या एका जंतूने, स्ट्रेप्टोकॉकसने. न्यूयॉर्कच्या रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ साली या जंतूंचे गट पाडले ते त्यांच्या कवचातील शर्करांवरून. १९६७ साली गोल्डस्टीन, हाल्पर्न आणि रोबेर यांनी दाखविले की, ए गटाच्या जंतूच्या कवचातील शर्करा आणि हृदयाच्या झडपेतील शर्करायुक्त प्रथिने यांच्यात साम्य आहे. जंतूच्या एका प्रथिनाचाही या प्रकारात हात असतो. शरीर जंतूवर शस्त्र उगारते आणि घाव झडपेवर पडतो. म्हणजे तिच्या बाबतीत पहिल्यांदा आपली झडप परकी समजली गेली, आणि दुसऱ्यांदा परकी झडप आपली म्हणून खपविण्याचा प्रयत्न अपुरा पडला.

तिने जनावराची झडप घेतली. पुन्हा शस्त्रक्रिया होणार हे ठाऊक असूनही घेतली, कारण तिला मूल हवे होते. आजीला डॉक्टरांनी काहीही न लपविता खरे ते सांगितले, म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ज्याने जीव दिला त्याचे नाव घेऊन एक दिवा लावीन." आज त्या घरात एक मुलगा आहे. आईची झडप दर वर्षी तपासली जाते.

जनुके बदललेल्या प्राण्यांच्या झडपा आपल्या गावच्या रुग्णालयात पोहोचतील तेव्हा पोहोचोत. तोपर्यंत एक काम आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी शल्यगृह लागत नाही. वर्गातील एखादे मूल घसा दुखतो, ताप आला असे म्हणाले, तर त्याला गुळण्या करावयास सांगून गप्प बसू नये, डॉक्टरांकडे धाडावे. जंतू तोच निघाला तर साध्या पेनिसिलिनने, वेळेवर आणि पूर्ण दिलेल्या मात्रेने, संधिज्वर टळू शकतो. आठवीतल्या त्या मुलीच्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. आता आहे, आणि आपणांलाही आहे.